दोन टनी ट्रॉली जॅकविषयीच्या आपल्या अभिप्रायास दुकानाचे उत्तर

नमस्कार.

नाना पेठेतील आमच्या दुकानातून घेतलेल्या दोन टनी हायड्रॉलिक ट्रॉली जॅकला एक तारा देताना आपण लिहिले आहे की, जॅकवर उचललेली गाडी रात्रीतून खाली बसली, मागच्या ब्रेकची प्लेट वाकली, माल निकृष्ट आहे आणि विकतेवेळी आम्ही उचललेली गाडी टेकवून ठेवण्याच्या स्टँडची जोडी आपल्या गळ्यात मारू पाहत होतो. आपल्याला झालेल्या नुकसानीबद्दल आणि मनस्तापाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. त्या वेळी गाडीखाली कोणी नव्हते, हे वाचून आमचा जीव भांड्यात पडला.

मालाविषयी जे काही असेल ते तपासणीत कळेल. परंतु ‘गळ्यात मारू पाहत होतो’ हे वाक्य मनाला फार लागले. जॅक घेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आम्ही स्टँडबद्दल, म्हणजे गॅरेजवाले ज्याला घोडी म्हणतात तिच्याबद्दल, विचारतो आणि विचारतच राहू. त्या जोडीची किंमत जॅकच्या निम्म्याहूनही कमी आहे आणि तिच्यावर सुटणाऱ्या नफ्यासाठी वडिलांच्या काळापासून चालत आलेल्या दुकानाचे नाव आम्ही पणाला लावणार नाही.

ट्रॉली जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, उचललेली गाडी धरून ठेवण्याचे नव्हे. त्यात सगळा भार कोंडलेल्या तेलावर असतो आणि ते तेल एक छोटासा व्हॉल्व्ह व रबरी सील यांनी अडवलेले असते. व्हॉल्व्हच्या बैठकीवर कचऱ्याचा बारीक कण अडकला, सील किंचित झिजले किंवा सोडण्याचा व्हॉल्व्ह पुरता आवळला गेला नाही, तर जॅक हळूहळू खाली येतो, आणि कधी कधी हळूहळू नव्हे तर एकदम येतो. गाडी उचलताच तिचा भार स्टँडवर घ्यावा, ही सूचना उत्पादक याच कारणासाठी देतात. दोन टन हा आकडा किती वजन उचलेल ते सांगतो, किती तास धरेल ते सांगत नाही. आपल्या हॅचबॅकचे सगळे वजन एक टनाच्या आसपास आणि त्यातलाही एकच कोपरा आपण उचलला होता, त्यामुळे जॅकची ताकद अपुरी पडण्याचा प्रश्नच नव्हता. स्टँडमध्ये तेल नसते. लोखंडी दात्यात लोखंडी खिट्टी अडकलेली असते आणि म्हणूनच तो रात्रभर उभा राहतो.

काउंटरवर हे सांगत असताना ‘मी विटा लावीन’ असे आपण स्वतःच म्हणालात आणि आपण दिलेल्या छायाचित्रांत सिलखाली, म्हणजे गाडीच्या दारांखालच्या कडेखाली, विटाच दिसत आहेत. गाडीच्या कडेचा पत्रा विटेवर एका अरुंद रेषेत टेकतो आणि तेवढ्या जागी भार आला की वीट कोणतीही पूर्वसूचना न देता फुटते. शिवाय जॅक पेव्हर ब्लॉकवर होता. गाडी उचलणारा हात वर चढताना ट्रॉली जॅकने आपल्या चाकांवर थोडे सरकायचे असते. चाके फटीत अडकली की भार तिरका होतो आणि गाडी जॅकवरून घसरू पाहते.

आणखी एक गोष्ट काळजीपोटी लिहितो. मागच्या ब्रेकचा ड्रम काढायचा म्हणजे हँडब्रेक सोडावाच लागतो. अशा वेळी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून जमिनीवरच्या पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून लाकडी ठोकळे लावावे लागतात. आपल्या छायाचित्रांत पुढच्या चाकांजवळ ठोकळे दिसत नाहीत. काढलेले चाकही बाजूला भिंतीशी ठेवलेले आहे. तेच आडवे करून सिलखाली सरकवले असते, तर गाडी चाकावर बसली असती आणि ब्रेकची प्लेट वाचण्याची शक्यता होती.

काउंटरवर गर्दी असली तरी माहिती अधिक सविस्तर देण्याचा आमचा प्रयत्न राहील, आणि मराठीत एक सूचनापत्रक ठेवण्याचाही विचार सुरू आहे.

आपण जॅक आणि बिल घेऊन दुकानात यावे. आपल्यासमोर भार देऊन जॅक तपासू आणि सील किंवा व्हॉल्व्ह सदोष आढळला, तर कोणतीही कटकट न करता बदलून देऊ. ब्रेकच्या प्लेटचा खर्च मात्र, वर सांगितलेल्या कारणांमुळे, आम्हाला मान्य करता येणार नाही. हे वाचून आपल्याला आपला अभिप्राय बदलावासा वाटला, तर आम्हाला समाधान वाटेल. तो तसाच ठेवलात, तरी तपासणीचा आमचा शब्द कायम आहे. स्टँड आमच्याकडूनच घ्यावेत, असा आग्रह नाही. याच पेठेत ते इतरही अनेक दुकानांत मिळतात. पण ते घरी आणल्याशिवाय ती गाडी पुन्हा उचलू नये, एवढी हात जोडून विनंती आहे.

आपला,
दुकानमालक