लाकडी होडीवर वीज पडत नाही, हा संदेश चुकीचा आहे : खुलासा

वळिवाच्या तोंडावर बेळगाव जिल्ह्यातील हिडकल जलाशय आणि चिकोडी भागातील कृष्णाकाठच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर असा संदेश फिरत आहे की, वीज फक्त लोखंडावर पडते. त्यामुळे लाकडी किंवा फायबरची होडी आणि पायात रबरी चप्पल असली की ढग गडगडू लागले तरी जाळे ओढत राहण्यास हरकत नाही. हे खरे नाही.

वीज धातू शोधत नाही. ती बहुधा आसपासच्या उंच टोकावर उतरते, आणि जलाशयाच्या सपाट पृष्ठभागावर ते टोक म्हणजे होडीत उभा असलेला माणूस किंवा त्याच्या हातातील बांबू असतो. कित्येक किलोमीटर हवा भेदून आलेल्या विजेला अर्ध्या इंचाचे रबर अडवू शकत नाही. उलट लाकडी होडीत प्रवाहाला पाण्यात उतरण्यासाठी सोपी वाट नसल्याने तो माणसाच्या अंगातून जाण्याचा धोका मोठा असतो.

पाऊस दहा किलोमीटरवर असतानाही वीज पडू शकते. म्हणून पहिला गडगडाट ऐकताच काठ गाठावा, झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे पाण्यात उतरू नये. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप विजेचा आगाऊ इशारा देते.

कृपया तो संदेश पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासा आजच पाठवा. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात प्रवाह राहत नाही, त्याला हात लावण्यास भिऊ नये. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देणे तत्काळ सुरू करून ११२ वर फोन करावा.