नुसतं फिरल्याने पूर्वग्रह जात नाहीत

मार्क ट्वेनचं १८६९ सालचं एक वाक्य सुट्ट्यांच्या दिवसांत समाजमाध्यमांवर हमखास फिरतं: प्रवास हा पूर्वग्रहांचा, कट्टरपणाचा आणि कोत्या मनाचा कर्दनकाळ आहे. खाली लोक भर घालतात, ‘जग बघा, विचार बदलतीलच.’ प्रवासाचं मोल मलाही मान्य आहे, पण ही हमी खोटी आहे.

‘जितकं फिराल तितकं मन मोठं होईल.’ मग इब्न बतूताचं काय? १३२५ मध्ये मोरोक्कोतलं आपलं टँजियर शहर सोडून हा माणूस तीसेक वर्षं भटकला. मालदीवमध्ये तो काझी झाला. तिथल्या बायका फक्त कमरेखाली वस्त्र नेसत. बेटावरचे लोक त्याच्याच धर्माचे, तरी त्याला ते खपेना. अंग झाकण्याचा हुकूम त्याने काढला, पण कुणी जुमानला नाही. शेवटी फिर्याद घेऊन समोर येणाऱ्या बाईने तरी अंग झाकावं, एवढंच त्याला जमलं. हे त्यानेच सांगून ठेवलंय. १३५२ मध्ये तो पश्चिम आफ्रिकेतल्या मालीला निघाला. तिथला न्याय आणि रस्त्यांवरची निर्धास्ती त्याने मनापासून वाखाणली, पण उघड्या अंगाबद्दलचा राग तोच. इतके देश पाहिले, मोजपट्टी घरचीच राहिली.

मग घरी बसून पुस्तकं वाचावीत? तेही पुरत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट क्योनिग्सबर्ग या आपल्या शहराच्या परिसरापलीकडे कधी गेला नाही, चाळीस वर्षं भूगोल शिकवला, आणि त्या व्याख्यानांत माणसांच्या वंशांची उतरंड लावली.

‘परक्यांना भेटलं की गैरसमज मिटतात.’ मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्येच याला अटी घातल्या होत्या: बरोबरीचा दर्जा, समान उद्दिष्ट, एकमेकांचं सहकार्य आणि अधिकारावरच्या लोकांचा पाठिंबा. सहलीत आपल्याला भेटतात कोण? ड्रायव्हर, वेटर, गाइड. त्यांची कमाई आपल्या खुशीवर. आपण त्यांच्या देशाबद्दल काहीही बरळलो तरी ते हसून मान डोलावतात, आणि आपण तेच मत पक्कं करून परततो.

याउलट परक्या देशात वसतिगृहात राहणारा विद्यार्थी घ्या. सामाईक स्वयंपाकघरात भांडी कुणी घासायची यावरून त्याचं रोज कुणाशी तरी वाजतं. समोरचा आळशी आहे की टापटिपीचा, हे त्याच्या पासपोर्टवरून कळत नाही, सिंकमध्ये पडलेल्या ताटावरून कळतं. तिथे दोघंही सारखंच भाडं भरतात. रागावण्याने कुणाचा रोजगार बुडत नाही, त्यामुळे ‘तुझं चुकतंय’ हे तोंडावर ऐकायला मिळतं.