एमिली डिकिन्सनला खोलीत कोंडणारा फॉरवर्ड

साताऱ्यातल्या वाचनाच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. इंग्रजी घेऊन बी.ए. करणारी मुलं तो थेट वहीत उतरवून घेतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन (१८३०–१८८६) हिनं प्रेमभंग झाल्यावर विसाव्या वर्षी स्वतःला खोलीत कोंडून घेतलं, मरेपर्यंत उंबरा ओलांडला नाही आणि जन्मभर पांढरे कपडे घातले. तिच्या कविता कुणाला ठाऊकच नव्हत्या. शिक्षण बेताचं, त्यामुळे विरामचिन्हांच्या जागी नुसत्या रेघा आणि चुकलेली यमकं. विषय एकच, मृत्यू. शेवटी हात जोडून बोध: मुलींना एकटं राहू देऊ नका.

आधी कोंडून घेण्याचं. १८५५ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ती वॉशिंग्टन आणि फिलाडेल्फियाला जाऊन आली. वडील तेव्हा अमेरिकेच्या काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, सदस्य होते. १८६४ आणि १८६५ या दोन्ही वर्षी डोळ्यांच्या उपचारासाठी ती बॉस्टनजवळ कित्येक महिने राहिली. म्हणजे फॉरवर्डनं तिला कोंडल्यानंतर चौदा-पंधरा वर्षांनी. पुढे मात्र ॲम्हर्स्ट या आपल्या गावातल्या घराच्या आवाराबाहेर जाणं तिनं जवळपास सोडलं, तसं स्वतः पत्रात लिहिलंय, तेवढं खरं. का सोडलं, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. प्रेमभंग हे त्यातलं सर्वांत सोपं आणि सर्वांत कमी पुराव्याचं कारण.

पांढऱ्या कपड्यांचं फार ताणू नये. तिचा एक पांढरा सुती झगा जपलेला आहे. तो घरात वापरायचा, खिसा असलेला साधा पोशाख आहे. पांढरं दिसलं की आपल्या डोळ्यांपुढे वैधव्य येतं, तो आपला संस्कार. तिचं खात्रीनं तिचंच म्हणता येईल असं छायाचित्र सोळाव्या वर्षाच्या आसपासचं, आणि त्यात कपडे गडद आहेत.

कविता कुणाला ठाऊक नव्हत्या? शेजारच्या घरात राहणाऱ्या सुझन या भावजयीला तिनं अडीचशेच्या वर कविता पाठवल्या. टॉमस हिगिन्सन या लेखकाला १८६२ मध्ये चार कविता पाठवून, यांत जीव आहे का, असं विचारलं आणि पुढे जवळपास शंभर धाडल्या. तिची हजारावर पत्रं आज उपलब्ध आहेत. छापलेल्या कविता हयातीत मोजून दहाच, त्याही बिननावाच्या, हे बरोबर. मात्र सुमारे अठराशे कवितांपैकी आठशेहून अधिक तिनं स्वतः नीट उतरवून, दोऱ्यानं शिवून चाळीस वह्या बांधल्या होत्या. त्या वह्यांचा पसारा बहिणीला, लव्हिनियाला, तिच्या मृत्यूनंतर सापडला. फॉरवर्डवाल्यानं तेवढाच प्रसंग उचललाय.

आता मुख्य मुद्दा. शिक्षण बेताचं आणि रेघा अडाणीपणाच्या, या वाक्यानं खरं तर मी हे लिहायला बसलो. ॲम्हर्स्ट अकादमीत सात वर्षं आणि माउंट होल्योकच्या मुलींच्या सेमिनरीत एक वर्ष, एवढं तेव्हाच्या मुलीचं शिक्षण बेताचं म्हणता येत नाही. शिवाय १८६६ मध्ये एका वृत्तपत्रानं तिची सापावरची कविता छापताना तिसऱ्या ओळीच्या शेवटी एक विरामचिन्ह आपल्या पदरचं घातलं, तेव्हा त्यानं ओळीचा अर्थ तुटला अशी तक्रार तिनं हिगिन्सनकडे केली. विरामचिन्हं न कळणारी बाई एका चिन्हासाठी पत्र लिहील का?

यमकांचंही तसंच. तिचा आवडता साचा चर्चमधल्या स्तोत्रांचा, आठ-सहा, आठ-सहा अक्षरांचा. सज्जनगडाच्या परिसरात वाढलेल्या पोराच्या कानात मनाच्या श्लोकांचं भुजंगप्रयात जसं मुरतं, तसा तिच्या गावात हा ठेका मुरलेला. त्या ठेक्यात ती श्रद्धेऐवजी शंका भरते. आपल्याकडे मर्ढेकरांनी, सातारा जिल्ह्यातल्या मर्ढ्याच्या या कवीनं, संतांच्या ओवी-अभंगात यंत्रयुगातली घुसमट घातली. तिथं कुणी छंद चुकला म्हणत नाही.

तिची मरणशय्येवरच्या माशीची कविता घ्या. माणूस मरतोय, नातेवाईक रडून कोरडे झालेत, सगळे देवाच्या येण्याची वाट बघताहेत आणि येते एक माशी. चार कडवी. यमकाच्या जागी अनुक्रमे रूम–स्टॉर्म, फर्म–रूम, बी–फ्लाय. तिन्ही जोड्या निसटत्या. शेवटी मात्र मी–सी, पक्कं यमक, आणि त्याच क्षणी डोळे मिटतात. जे आयुष्यभर जुळलं नाही ते मरताना जुळतं. माशीच्या ओळीतल्या रेघा मोठ्यानं वाचून बघा. माशी धडपडत, थांबत, पुन्हा गुणगुणत येते ती त्या रेघांमुळेच.

१८९६ च्या आवृत्तीत संपादिका मेबल टॉड यांनी ही कविता ‘सुधारली’. पहिल्या कडव्यात रूम काढून फॉर्म घातलं, म्हणजे स्टॉर्मशी जुळलं. पहिल्याच कडव्यात यमक पक्कं झालं आणि शेवटच्या यमकाचा धक्का गेला! रेघाही गेल्या. तिचे शब्द जवळपास जसेच्या तसे छापले गेले ते १९५५ मध्ये, टॉमस जॉन्सन यांच्या आवृत्तीत. नेटवर फुकट मिळणारा पाठ बऱ्याचदा जुना, इस्त्री केलेला असतो, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावं. हस्तलिखितांत तर ती एखाद्या शब्दापुढे बारीक अधिकचिन्ह करून खाली पर्यायी शब्द लिहून ठेवते.

विषय फक्त मृत्यू? मृत्यू आहे, भरपूर आहे. त्याला सभ्य गृहस्थ करून घोडागाडी घेऊन दारात उभं करणारी तिची चेतनगुणोक्ती दहावीच्या मुलालाही ओळखता येईल. पण तिच्याकडे कोड्यासारख्या कविताही आहेत: आगगाडीवरच्या कवितेत गाडीचं नावच येत नाही, ती मैलच्या मैल चाटत जाणारं जनावर होते. ‘मी कुणीच नाही, तू कोण?’ असं विचारत ती मिरवणाऱ्यांना दलदलीपुढे अख्खा जून महिना स्वतःचंच नाव सांगणाऱ्या बेडकाची उपमा देते. साताऱ्यात पोवई नाक्यावरचे फ्लेक्स बघताना मला ती हमखास आठवते. आणि शाळकरी वयात चारशे चोवीस वनस्पती वाळवून, चिकटवून, लॅटिन नावं लिहून तिनं संग्रह केला होता. कासला फुलं बघायला जाणाऱ्यांनी तिचं वाचन तिथून सुरू करावं.

राहिला बोध. एकटेपणानं तिचं मन कुजलं असतं तर १८६० नंतरच्या मोजक्या वर्षांत शेकडो कविता झाल्या नसत्या. तिला हे जमलं त्यामागे वडिलांचा पैसा होता, स्वतःची खोली होती आणि १८६९ पासून स्वयंपाकघरात राबणारी मार्गारेट माहेर ही आयरिश मोलकरीण होती. एमिली स्वतः पाव उत्तम भाजायची, १८५६ मध्ये गावच्या प्रदर्शनात तिच्या पावाला दुसरं बक्षीस मिळालं होतं. पण रोजचा रगाडा मार्गारेटच्या अंगावर होता. लिहिणाऱ्या मुलींच्या आईबापांना काही सुचवायचंच असेल, तर फॉरवर्डवाल्यानं त्या खोलीबद्दल आणि त्या रगाड्याबद्दल लिहावं.