शोस्ताकोविचची पंधरा क्वार्टेट्स आणि भलत्याच चौघांना मिळालेलं श्रेय

मॉस्कोच्या बोरोदिन क्वार्टेटचं, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हियोला आणि चेलो वाजवणाऱ्या चौघांच्या चमूचं, एखादं ध्वनिमुद्रण कोणी पाठवलं की त्याच्या शेपटाला थोड्याफार फरकाने हाच मजकूर बांधलेला असतो: "हा चमू रशियन संगीतकार बोरोदिनने घडवला. महान चेलोवादक रोस्त्रोपोविच त्याचा संस्थापक. तेच चार मित्र १९४५ पासून एकत्र वाजवत आले. सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचने आपली पंधराही क्वार्टेट्स यांच्यासाठीच लिहिली आणि यांनीच ती जगापुढे पहिल्यांदा आणली. आठवं ऐकताना तो ढसाढसा रडला."

बोरोदिन चमूचा मी जुना भक्त आहे, म्हणूनच हे वाचून चिडचिड होते. ज्यांच्याकडे स्वतःचं इतकं आहे त्यांच्या अंगावर दुसऱ्याचे दागिने कशाला चढवायचे? आणि दागिने ज्यांचे, ते बिचारे कोणाच्या गावीही नाहीत.

किरकोळ गोष्टी आधी उरकतो. अलेक्सांद्र बोरोदिन १८८७ मध्ये वारला. पेशाने तो रसायनशास्त्राचा प्राध्यापक, संगीत फावल्या वेळातलं, आणि त्या फावल्या वेळात त्याने काय काय करून ठेवलं हा वेगळा विषय. हा चमू जमला १९४५ मध्ये, मॉस्को कॉन्झर्व्हेटरी या संगीत महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांमधून. पहिली दहा वर्षं त्याचं नाव मॉस्को फिलहार्मोनिक क्वार्टेट होतं, बोरोदिनचं नाव मिळालं १९५५ मध्ये. तेव्हा बोरोदिनला जाऊन ६८ वर्षं झाली होती.

रोस्त्रोपोविचची गोष्ट अर्धी खरी. सुरुवातीला चेलो (व्हायोलिनच्या कुळातलं, खर्जातलं मोठं वाद्य) घेऊन तोच बसला होता, पण काही आठवड्यांपुरता. त्याच्या जागी आलेला व्हालेन्तिन बर्लिन्स्की २००७ पर्यंत त्या खुर्चीवरून उठला नाही. बासष्ट वर्षं! या चमूचा कणा कोण, असं विचारलं तर उत्तर बर्लिन्स्की हेच आहे. पण रोस्त्रोपोविच हे नाव जगाला ठाऊक, बर्लिन्स्की हे नाव शोधावं लागतं. फॉरवर्डवाल्यांना शोधायला वेळ नसतो.

"तेच चार मित्र" हे तर उघडच खोटं. व्हियोला (व्हायोलिनहून थोडं मोठं, खोल आवाजाचं वाद्य) वाजवणारा रुदोल्फ बार्शाय १९५३ मध्ये बाहेर पडला, पुढे त्याने मॉस्को चेंबर ऑर्केस्ट्रा उभारला. त्याच्या जागी द्मित्री शेबालिन आला तो १९९६ पर्यंत. पहिल्या व्हायोलिनवर रोस्तिस्लाव दुबिन्स्की होता. सत्तरच्या दशकाच्या मध्याला त्याने देश सोडला आणि पश्चिमेत बोरोदिन ट्रिओ नावाचा निराळाच चमू काढला (नावांच्या गोंधळात आणखी एकाची भर). मग मिखाईल कोपेलमान आला, १९९६ मध्ये तोही गेला आणि रूबेन अहारोन्यान आला. १९४५ च्या मुलांपैकी आज त्या मंचावर कोणीही नाही. हा दोष नव्हे. बैठक तीच राहिली, बसणारे बदलले.

आता मुख्य मुद्दा. पाश्चात्त्य संगीतात चार जणांच्या चमूला क्वार्टेट म्हणतात आणि ते जे वाजवतात त्या रचनेलाही क्वार्टेटच म्हणतात. अर्धा घोटाळा इथूनच सुरू होतो. म्हणून इथे वादकांना चमू म्हणतो आणि रचनेला क्वार्टेट.

शोस्ताकोविचचं पहिलं क्वार्टेट ऑक्टोबर १९३८ मध्ये लेनिनग्राडला वाजलं, ते ग्लाझुनोव्ह चमूने वाजवलं. तेव्हा बर्लिन्स्की तेरा वर्षांचा पोरगा होता. दुसरं वाजलं नोव्हेंबर १९४४ मध्ये. म्हणजे बोरोदिन चमू जन्माला यायच्या आधीच दोन क्वार्टेट्स होऊन गेली होती. "पंधराही यांच्यासाठी" हे विधान नुसत्या सनावळीनेच कोसळतं. दुसरं क्वार्टेट शेबालिनला अर्पण केलेलं आहे, तो पुरावा कोणी पुढे करील म्हणून सांगून ठेवतो: तो शेबालिन म्हणजे संगीतकार व्हिस्सारिओन शेबालिन, आपला व्हियोलावादक नव्हे.

मग उरलेली कोणी वाजवली? दुसऱ्यापासून चौदाव्यापर्यंत, ओळीने तेरा क्वार्टेट्सचं पहिलं जाहीर वादन एकाच चमूने केलं: मॉस्कोचा बीथोव्हेन चमू. द्मित्री त्सिगानोव्ह, वासिली शिरिन्स्की, वादिम बोरिसोव्स्की, सेर्गेई शिरिन्स्की. १९२३ मध्ये हे चौघे एकत्र आले आणि १९६४ मध्ये बोरिसोव्स्की बाजूला होईपर्यंत हेच चौघे होते. तेव्हा "तेच चार मित्र" हे वाक्य कोणाला शोभत असेल तर यांना. चौथं क्वार्टेट १९४९ चं आणि पाचवं १९५२ चं, पण दोन्ही स्टालिन मरेपर्यंत बासनात राहिली. १९५३ च्या अखेरीस ती बाहेर काढली तीही याच चमूने. त्याआधी १९४० मध्ये शोस्ताकोविच स्वतः पियानोवर बसला आणि पियानो क्विंटेट पहिल्यांदा वाजलं, तेव्हाही भोवती हेच चौघे.

नातं किती घट्ट होतं हे अर्पणपत्रिकांतून दिसतं. तिसरं आणि पाचवं अख्ख्या बीथोव्हेन चमूला अर्पण. १९६५ मध्ये दुसरा व्हायोलिनवादक वासिली शिरिन्स्की वारला, अकरावं त्याच्या स्मृतीला. मग जणू शोस्ताकोविचने पंगतच मांडली, एकेकाच्या पुढ्यात एकेक पान: बारावं त्सिगानोव्हला, तेरावं बोरिसोव्स्कीला, चौदावं सेर्गेई शिरिन्स्कीला. आणि नुसतं पहिल्या पानावर नाव घालून तो थांबला नाही. तेराव्याची सुरुवातच एकट्या व्हियोलाने होते, कारण बोरिसोव्स्की व्हियोला वाजवायचा. चौदाव्यात चेलो सगळ्यांच्या पुढे येऊन बोलतो, कारण सेर्गेई चेलोवर. एवढं माणसं पाहून लिहिलेलं संगीत दुसऱ्याच चौघांच्या खात्यावर टाकणं म्हणजे पत्रावरचा पत्ता खोडून भलत्याच्या दारात टाकण्यासारखं आहे.

पंधराव्याची कथा वेगळी. सहा संथ भाग, एकामागून एक, मधे श्वास घ्यायलाही थांबायचं नाही. बीथोव्हेन चमूच्या तालमी चालू असतानाच, ऑक्टोबर १९७४ मध्ये, सेर्गेई शिरिन्स्की गेला. शोस्ताकोविचची स्वतःची तब्येत ढासळलेली, थांबायला सवड नव्हती. म्हणून १५ नोव्हेंबरला लेनिनग्राडच्या तानेयेव्ह चमूने ते पहिल्यांदा वाजवलं. पुढच्या ऑगस्टमध्ये शोस्ताकोविचही गेला.

हिशेब असा: ग्लाझुनोव्ह एक, तानेयेव्ह एक, बीथोव्हेन तेरा. बोरोदिनच्या रकान्यात शून्य.

राहिलं ते रडणं. आठवं क्वार्टेट शोस्ताकोविचने जुलै १९६० मध्ये ड्रेस्डेनजवळच्या गोरिश गावात तीन दिवसांत लिहिलं. एका चित्रपटाचं संगीत करायला तो तिकडे गेला होता. अर्पणपत्रिकेत फॅसिझम आणि युद्धाचे बळी आहेत, पण ग्लिकमान या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने वेगळंच सांगितलं: आपल्यामागे आपल्या आठवणीत कोणी काही लिहील असं वाटत नाही, म्हणून स्वतःच लिहून ठेवलं. सुरुवातीलाच चेलो जे चार स्वर काढतो ती त्याच्या नावाच्या आद्याक्षरांची जर्मन स्वरलिपी आहे. पहिलं वादन २ ऑक्टोबर १९६० ला, लेनिनग्राडला, पुन्हा बीथोव्हेन चमूचंच.

रडण्याची गोष्ट माझ्या माहितीप्रमाणे बोरोदिन चमूच्या साठच्या दशकातल्या, डेक्का कंपनीने काढलेल्या रेकॉर्डच्या वेष्टनावरून पसरली. शोस्ताकोविचने काही सूचना कराव्यात म्हणून त्यांनी हे क्वार्टेट त्याच्या मॉस्कोच्या घरी वाजवलं, त्याने तोंड हातांत झाकून घेतलं, वादन संपल्यावर चौघांनी आवाज न करता वाद्यं पेट्यांत ठेवली आणि ते निघून गेले, असं तिथे म्हटलं आहे. असेलही तसं. खोलीत मी नव्हतो. पण त्या गोष्टीतही हे पहिलं वादन होतं असं कुठे म्हटलेलं नाही. पहिलेपणा फॉरवर्ड करणाऱ्याने पदरचा घातला. यात बार्शायचाही नकळत हात लागला असावा. आठव्याचं ऑर्केस्ट्रासाठी जे रूपांतर आज जगभर वाजतं ते त्याचं, आणि त्याच्या नावापुढे "बोरोदिन क्वार्टेटचा संस्थापक सदस्य" असं येतंच. ते रूपांतर झालं तोवर त्याला चमू सोडून बरीच वर्षं लोटली होती.

श्रेय सरकलं कसं, हे पाहिलं तर फार गूढ नाही. बोरोदिन चमू परदेशी हिंडला, त्यांच्या रेकॉर्ड पश्चिमेत निघाल्या, पुन्हा पुन्हा निघाल्या. जे ऐकायला मिळतं तेच आधीचं वाटू लागतं. शिवाय एक खरी गोष्ट मान्य केलीच पाहिजे: ही मंडळी शोस्ताकोविचला वाजवून दाखवत, त्याच्या सूचना घेत. त्यांच्या वादनाला तो आधार आहेच. मात्र दुबिन्स्कीच्या काळातला त्यांच्या ध्वनिमुद्रणांचा संच उघडून पाहा, त्यात तेराच क्वार्टेट्स आहेत. चौदावं १९७३ चं, ते तेव्हा लिहूनच व्हायचं होतं. पंधराही त्यांनी नंतर, कोपेलमानच्या काळात ध्वनिमुद्रित केली.

त्या जुन्या संचातलं तेरावं मात्र जरूर ऐका. मधे कुठेतरी टकटक ऐकू येईल, रेकॉर्ड खराब नाही, वादक गजाच्या काठीने वाद्याच्या अंगावर ठोकतात. व्हियोला वाजवतोय शेबालिन, बोरिसोव्स्कीचा शिष्य. बार्शायही त्याचाच शिष्य. आणि १९७० मध्ये हे क्वार्टेट पहिल्यांदा वाजलं तेव्हा बीथोव्हेन चमूत गुरूच्या रिकाम्या खुर्चीवर बसलेला फ्योदोर द्रुझिनिन, तोही. आपल्याकडे याला सरळ घराणं म्हटलं असतं. शेवटी व्हियोला एकटा वर वर चढत जातो, एका स्वरावर थांबतो, तो स्वर फुगत जातो आणि तुटतो. ती जागा बोरिसोव्स्कीसाठी लिहिलेली आहे.