बंध तुटताना ऊर्जा मिळत नाही, द्यावी लागते

परीक्षेच्या तयारीच्या टिपणांतून, ध्वनिचित्रफितींतून आणि विद्यार्थ्यांच्या गटांतून एक मजकूर बराच काळ फिरत आहे. त्याचा आशय असा: रासायनिक बंधांमध्ये ऊर्जा साठवलेली असते आणि बंध तुटला की ती मोकळी होते, इंधन जळते ते याच कारणाने, बंध जितका मजबूत, तितकी त्यातील ऊर्जा अधिक, पेशीला कामासाठी ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूचा ‘उच्च-ऊर्जा बंध’ हा याचा सर्वोत्तम पुरावा, आणि पाठ्यपुस्तकांत दिलेले बंधऊर्जेचे आकडे ही शेवटी गृहीतकेच आहेत, कारण एकेक बंध कोणी मोजलेला नाही. ही पाचही विधाने चुकीची आहेत. पहिले विधान खरे मानणारा विद्यार्थी पुढे ऊष्मारसायनाच्या प्रत्येक गणितात अधिक-उण्याचे चिन्ह उलटे लिहितो, आणि त्याहून वाईट म्हणजे आग का लागते आणि अन्नातून बळ कसे मिळते, हे दोन्ही त्याला कायमचे उलटे समजते. म्हणून या मजकुराला मुद्देसूद उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान बंध तुटताना ऊर्जा सुटते असे सांगते. दोन अणू एकमेकांना बांधले जातात ते मुळात याच कारणाने की, एकत्र असताना त्यांची एकूण ऊर्जा सुटे असतानाच्या ऊर्जेपेक्षा कमी असते. बांधलेला रेणू विहिरीच्या तळाशी पडलेल्या दगडासारखा आहे. त्याला काठावर आणायचे तर उचलावे लागते, आणि तो स्वतःहून वर येत नाही. हायड्रोजनच्या रेणूसाठी ही उचलण्याची किंमत ४३६ किलोज्यूल प्रति मोल आहे (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक, प्रचंड संख्या; पुढचे बंधांचे आकडेही प्रति मोलच आहेत), आणि दोन सुटे हायड्रोजन अणू पुन्हा जुळले की नेमकी तेवढीच ऊर्जा परत मिळते.

हे निव्वळ कागदावरचे तत्त्व नाही. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत अर्व्हिंग लँगम्यूर दिव्यातील टंगस्टनच्या तारांचा अभ्यास करत होते. हायड्रोजन वायूत ठेवलेली तार खूप तापवली की तिच्यातून अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक उष्णता निघून जाते, असे त्यांना आढळले. तप्त तारेला स्पर्श करणारे हायड्रोजनचे रेणू अणूंमध्ये फुटत होते आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा तारेकडून घेत होते, हे त्याचे कारण त्यांनी १९१२च्या सुमारास मांडले. पुढे १९२०च्या दशकात त्यांनी याच गुणधर्मावर वेल्डिंगची एक पद्धत उभी केली. तीत टंगस्टनच्या दोन विद्युतअग्रांमधील ठिणगीच्या कमानीतून हायड्रोजनचा झोत सोडला जातो, कमान रेणू फोडते, आणि सुटे झालेले अणू धातूच्या पृष्ठभागावर पोहोचून पुन्हा जोड्या बनवतात, तेव्हा सुटणाऱ्या उष्णतेने धातू वितळतो. वितळवण्याचे काम इथे बंध जुळण्यातून होते. बंध तुटण्याने ऊर्जा मिळाली असती, तर कमानीजवळ उष्णता निर्माण होऊन धातूजवळ ती शोषली गेली असती. प्रत्यक्षात घडते ते याच्या उलट.

या नियमाला अगदी थोडे अपवाद आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही. दोन हीलियम अणूंच्या, दोन धनप्रभार असलेल्या आयनासारखे काही कण त्यांच्या तुकड्यांपेक्षा अधिक ऊर्जेच्या पातळीवर असतात. प्रभारांच्या प्रतिकर्षणाने ते फुटायला टपलेले असतात आणि मधल्या ऊर्जेच्या अडथळ्यामुळेच काही काळ टिकतात. मात्र गॅस, साखर, लाकूड, तेल वा एटीपी यांपैकी कशाचाही या वर्गाशी संबंध नाही.

दुसरे विधान इंधनाविषयी आहे, आणि तिथे हिशेबच करून पाहणे उत्तम. मुंबई-पुण्यातील अनेक घरांत नळीने येणारा गॅस मुख्यतः मिथेन असतो. मिथेनचा एक रेणू ऑक्सिजनच्या दोन रेणूंबरोबर जळून कार्बन डायऑक्साइडचा एक आणि पाण्याचे दोन रेणू बनतात. मिथेनमधील कार्बन-हायड्रोजनचे चार बंध तोडण्यास प्रत्येकी सरासरी ४१६, म्हणजे १६६४ किलोज्यूल लागतात. ऑक्सिजनच्या दोन रेणूंना प्रत्येकी ४९८, म्हणजे ९९६. एकूण खर्च २६६० किलोज्यूल. नंतर कार्बन डायऑक्साइडमधील दोन दुहेरी बंध प्रत्येकी ८०४ देतात आणि पाण्याच्या दोन रेणूंतील चार बंध प्रत्येकी ४६३. ही जमा १६०८ आणि १८५२ मिळून ३४६० होते. शिल्लक राहतात सुमारे ८०० किलोज्यूल, आणि कॅलरीमापीत प्रत्यक्ष मोजलेले मूल्य, पाणी वाफेच्या रूपात राहिले तर, ८०२ आहे. ज्योतीची सारी ऊब नव्या बंधांच्या जमेतून आली आहे. जुने बंध तुटणे हा निव्वळ खर्च होता, आणि त्यातला पहिला हप्ता भरण्यासाठीच शेगडी पेटवताना लायटरची ठिणगी लागते.

शेगडीची निळी ज्योत जवळून पाहिली, तर तिच्या रंगातही हीच साक्ष मिळते. तो निळा-जांभळा प्रकाश मुख्यतः ४३१ नॅनोमीटरच्या आसपासचा असून एक कार्बन आणि एक हायड्रोजन एवढाच शिल्लक राहिलेला तुकडा तो सोडतो; ५१६ नॅनोमीटरच्या आसपासची हिरवट छटा दोन कार्बन अणूंच्या तुकड्याची असते. कार्बन-हायड्रोजनचे ते तुकडे प्रकाशतात, कारण त्यांना जन्म देणाऱ्या अभिक्रियेतच कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यात नवा बंध जुळलेला असतो आणि त्या जुळणीतून सुटलेल्या ऊर्जेचा वाटा घेऊन ते उत्तेजित अवस्थेत बाहेर पडतात.

मग ऊर्जा ‘कशात’ असते, असे कोणी विचारील. ज्वलनापुरते बोलायचे तर तिचा मोठा वाटा ऑक्सिजनच्या तुलनेने कमकुवत दुहेरी बंधाकडे जातो. बहुतेक सेंद्रिय इंधने जळताना खर्च झालेल्या ऑक्सिजनमागे जवळजवळ सारखीच उष्णता सुटते, हे डब्ल्यू. एम. थॉर्नटन यांनी १९१७मध्येच दाखवले होते. ते प्रमाण दर ग्रॅम ऑक्सिजनमागे सुमारे १३.१ किलोज्यूल आहे, आणि आगीच्या चाचण्यांत जळणाऱ्या वस्तूची उष्णता तिने किती ऑक्सिजन वापरला यावरून आजही ठरवली जाते. प्लॅस्टिक, लाकूड आणि कापड यांच्यातील बंध इतके वेगवेगळे असूनही हा आकडा फारसा हलत नाही, ही गोष्ट ‘इंधनाच्या बंधांत साठवलेली ऊर्जा’ या कल्पनेला परवडणारी नाही.

‘पण काही पदार्थ ऑक्सिजनशिवायही नुसते विघटन पावून ऊर्जा देतात’ हा आक्षेप मात्र विचारात घेण्याजोगा आहे. ओझोन घ्या. ओझोनमधून एक ऑक्सिजन अणू अलग करण्यासाठी फक्त सुमारे १०७ किलोज्यूल लागतात. पण लागतात, मिळत नाहीत. दोन ओझोन रेणू पूर्णपणे अणूंमध्ये विलग करण्याचा खर्च १२१० किलोज्यूल होतो, आणि त्याच सहा अणूंतून ऑक्सिजनचे तीन रेणू बनताना १४९४ मिळतात. सुटलेल्या २८४ किलोज्यूलचा उगम कमकुवत बंधांच्या जागी मजबूत बंध येण्यात आहे.

यावरूनच तिसरे विधानही कोसळते. बंध जितका मजबूत, तितका तो विहिरीत खोल, आणि म्हणून ऊर्जा देण्याच्या दृष्टीने तितकाच निरुपयोगी. नायट्रोजन रेणूचा तिहेरी बंध ९४५ किलोज्यूलचा आहे, आणि आपल्याभोवतीची चार-पंचमांश हवा त्या रेणूची असूनही ती इंधन नाही. उलट, रायगड जिल्ह्यातील थळसारख्या खत कारखान्यांत त्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्यासाठी उत्प्रेरक, चारशे अंशांहून अधिक तापमान आणि प्रचंड दाब यांचा खटाटोप करावा लागतो. फ्लोरिनचा बंध मात्र जेमतेम १५९ किलोज्यूलचा आहे, आणि तो वायू हायड्रोजनशी स्फोटक वेगाने अभिक्रिया करतो. तिथला हिशेब असा: ४३६ आणि १५९ मिळून ५९५ खर्च, हायड्रोजन फ्लोराइडचे दोन बंध प्रत्येकी ५७० प्रमाणे ११४० जमा, शिल्लक ५४५. नायट्रोग्लिसरीनच्या स्फोटातही नायट्रोजनचा मजबूत बंध नव्याने तयार होतो. तो आधीपासून तिथे असता, तर तो पदार्थ इतका भयंकर झालाच नसता.

एटीपीविषयीचे चौथे विधान सर्वाधिक पसरलेले आहे, कारण ते जीवशास्त्राच्या पुस्तकांच्या छायेत वाढले. फ्रिट्झ लिपमन यांनी १९४१मध्ये फॉस्फेटचा असा बंध नागमोडी रेषेने दाखवण्याची प्रथा रूढ केली. अशा गटाचे दुसऱ्या रेणूकडे हस्तांतर होताना किती मुक्त ऊर्जा, म्हणजे कामासाठी वापरता येणारी ऊर्जा, उपलब्ध होते, एवढेच ती रेषा सुचवत होती. फॉस्फरस-ऑक्सिजन बंध खरोखर तोडून दोन तुकडे अलग करायचे, तर तीनशे किलोज्यूलहून अधिक खर्च येतो. पाण्याशी अभिक्रिया होऊन एटीपीचे एडीपी (एक फॉस्फेट गट कमी असलेला रेणू) आणि फॉस्फेट होताना मात्र प्रमाण परिस्थितीत फक्त ३०.५ किलोज्यूल मुक्त ऊर्जा मिळते, कारण तिथे जुना बंध तुटतो तसाच पाण्याच्या सहभागाने नवा बंधही जुळतो, ऋणप्रभारित फॉस्फेट गट एकमेकांपासून दूर होतात, आणि तयार झालेले आयन संस्पंदनाने (प्रभार अनेक अणूंवर वाटला गेल्याने) व पाण्याच्या रेणूंच्या वेढ्याने अधिक स्थिर होतात. जिवंत पेशीत हे मूल्य ५० किलोज्यूलच्या आसपास जाते, कारण पेशी एटीपीचे प्रमाण समतोलापासून फार दूर, वरच्या बाजूला राखते. बंध तोच, पण आसपासची परिस्थिती बदलली की मिळकत बदलते, एवढ्यावरूनच ती मिळकत त्या बंधाच्या पोटात नाही हे उघड होते. स्नायूंना आकुंचित करणारे मायोसिन हे प्रथिन तर याहून स्पष्ट बोलते: त्याच्या डोक्याला चिकटलेल्या एटीपीचा बंध तिथल्या तिथे तुटतो, तेव्हा मुक्त ऊर्जेत फारसा फरक पडत नाही, जोराचा झटका फॉस्फेट बाहेर पडण्याच्या टप्प्याशी निगडित आहे.

शेवटचे विधान बंधाच्या मोजणीबद्दलचे. ‘एकेक बंध कोणी मोजलेला नाही’ हे साफ खोटे आहे. आयोडीनची जांभळी वाफ काचेच्या नळीत घेऊन तिच्यातून पांढरा प्रकाश सोडला आणि तो वर्णपटमापीत पाहिला, तर नारिंगी ते हिरव्या भागात असंख्य बारीक शोषणपट्टे दिसतात. तांबड्या टोकाकडून हिरव्याकडे सरकावे तसे ते पट्टे एकमेकांच्या जवळजवळ येत जातात, आणि ४९९ नॅनोमीटरच्या सुमारास त्यांतील अंतर संपून सलग शोषण सुरू होते. प्रत्येक पट्टा म्हणजे कंपनाची एक पायरी, आणि पायऱ्या संपल्या तिथे रेणू फुटला. त्या प्रकाशाची ऊर्जा प्रति मोल २४० किलोज्यूल भरते. सुट्या झालेल्या दोन अणूंपैकी एक उत्तेजित अवस्थेत असतो आणि तो ९१ किलोज्यूल स्वतःजवळ ठेवतो. उरलेले १४९ किलोज्यूल ही आयोडीनच्या बंधाची किंमत. रेमंड बर्ज आणि हेर्टा श्पोनर यांनी १९२६मध्ये, पट्टे अखेरपर्यंत दिसत नसले तरी त्यांच्या घटत्या अंतरांवरून ही सीमा काढण्याची रीत दिली. या मोजणीतही रेणू प्रकाश गिळतो तेव्हाच फुटतो, हे पहिल्या विधानाच्या समर्थकांनी ध्यानात घ्यावे. त्यानंतर तापवलेल्या वायूंच्या विघटनाचा वेग, वस्तुमान वर्णपटमापी, लेसर असे अनेक मार्ग आले, आणि १९९९मध्ये म्यूनिकच्या संशोधकांनी शर्कराशृंखलेचे एक टोक काचेला व दुसरे अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या सुईला बांधून ती ताणली, तेव्हा त्या जोडणीतील सिलिकॉन-कार्बनचा एकटा बंध सुमारे दोन नॅनोन्यूटन बलाला तुटला. बल आणि ऊर्जा या राशी वेगळ्या आहेत, आणि ते बल ताणण्याच्या वेगावरही अवलंबून असते. पण ‘एकेक बंध’ मोजला गेला, एवढे निश्चित.

त्या विधानात सत्याचा एक अंश आहे, तोही सांगायला हवा. तक्त्यांतील अनेक आकडे सरासरी असतात. मिथेनचे चार हायड्रोजन एकामागून एक काढले, तर सुमारे ४३९, ४६२, ४२४ आणि ३३८ किलोज्यूल असा वेगवेगळा खर्च येतो. ४१६ ही त्यांची सरासरी. ती वेगळ्या वाटेनेही मिळते: ग्रॅफाइटमधील कार्बन अणूरूप वायूत नेण्याचे ७१७, चार हायड्रोजन अणूंचे ८७२ आणि मिथेन तयार होताना सुटलेले ७५ मिळून १६६४, भागिले चार. यातला पहिला आकडा अनेक वर्षे वादात होता. ग्रॅफाइटच्या संप्लवनाची, म्हणजे घनरूपातून थेट वायूत जाण्याची, उष्णता १२५ किलोकॅलरी आहे की १७०, यावर रसायनशास्त्रज्ञांत एकमत नव्हते, आणि तो प्रश्न १९५०च्या दशकात सुटला. १२५ किलोकॅलरी, म्हणजे ५२३ किलोज्यूल, हे मूल्य धरले असते, तर मिथेनमधील बंधाची किंमत ४१६ ऐवजी ३६८ निघाली असती. पण मग कार्बन डायऑक्साइडमधील प्रत्येक बंधाची किंमतही ८०४ ऐवजी ७०७ झाली असती, कारण तिथेही तोच कार्बन अणू आहे. खर्चातून १९४ किलोज्यूल कमी झाले असते आणि जमेतूनही तेवढेच. शेगडीवर मिथेनमागे मिळणारी उष्णता तरीही पूर्वीइतकीच, ८०२ किलोज्यूल, राहिली असती.