भरतीची वीज आणि आमची कोयना
लेखात म्हटलंय की सूर्य मावळल्यावर भरती-ओहोटीची वीज ग्रीड सांभाळेल, मला अर्धंच पटलं. आम्ही साताऱ्याची माणसं, चाळकेवाडीच्या पठारावर आषाढात पवनचक्क्या अशा घुमतात की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही आणि ऑक्टोबरात जाऊन बघा, त्याच चक्क्या ढिम्म उभ्या. त्या मानाने भरतीचं टाइमटेबल वर्षभर आधी मिळतं, हे भारीच. पण राव भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, आज संध्याकाळी ७ ला असेल तर आठवड्याने त्याच वेळेला ओहोटी, आणि पाणी वळताना टर्बाइन गप्प, त्यात अष्टमीच्या आसपास भांगाची भरती म्हणजे जोरच कमी. फ्रान्सचं ला रान्स हे भरतीवर चालणारं वीज केंद्र १९६६ पासून चालू आहे, पण ते २४० मेगावॉटचं. आपली कोयना १९६० मेगावॉटची, पाहिजे तेव्हा काही मिनिटांत चालू होते. फक्त कृष्णा पाणीवाटप लवादाने विजेसाठी पश्चिमेला वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीच (अब्ज घनफूट) पाणी दिलंय, म्हणून भरती असेल तेव्हा कोयनेचं पाणी राखायचं आणि नसेल तेव्हा सोडायचं, अशी जोडी लावली तर अर्थ आहे. अर्थात त्यासाठी खंबातच्या आखातात प्रकल्प व्हायला हवा, आपल्या कोकणात भरतीला तेवढी उंची कुठे!