‘३० दिवसांत १० किलो’ : त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चौघांनी पाठवला. आधी मावशीने, मग सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी, मग ऑफिसातल्या मैत्रिणीने ‘तुझी आठवण आली’ म्हणून. चौथा भाच्याचा. तो सतरा वर्षांचा आहे आणि त्याने खाली एवढंच विचारलं होतं, ‘आत्या, करू का हे?’ त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी हे लिहितेय.

मेसेज थोडक्यात असा. पैलवानी खुराकाने ३० दिवसांत १० किलो वजन वाढतं. रोज सहा केळी, लिटरभर म्हशीचं दूध, वाटीभर तूप. व्यायाम आणि चालणं बंद, नाहीतर खाल्लेलं जळून जातं. रात्री भरपेट जेवून लगेच आडवं व्हायचं. पोट फुगलं, सुस्ती आली तर घाबरायचं नाही, ती अंगी लागत असल्याची खूण. तपासण्यांवर पैसे घालवायचे नाहीत. आणि शेवटी एका ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ पावडरीसाठी फोन नंबर.

माझी उंची १६० सेंटिमीटर आणि सहा वर्षांपूर्वी वजन होतं ४१ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, १६. किमान १८.५ हवा. ‘सासरी खायला घालत नाहीत का?’, ‘वाऱ्याने उडशील’, ‘सुकट’ हे सगळं मी ऐकलंय, हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये. लठ्ठ माणसाला तोंडावर बोलायला लोक थोडं तरी कचरतात, बारीक माणसाला बोलायला कुणी कचरत नाही. त्यामुळे वजन वाढवावंसं वाटणं ही हौस किंवा दिखाऊपणा आहे असं मी कधीच म्हणणार नाही. मी ते वाढवलं, ४१ वरून ५० वर आणलं, आणि मला चौदा महिने लागले.

आधी दहा किलोंचा हिशेब. अंगावर एक किलो चरबी चढायला साधारण ७,७०० कॅलरी जास्तीच्या लागतात. दहा किलोंना ७७,०००. तीस दिवसांत वाटल्या तर रोजच्या जेवणावर आणखी अडीच हजारांहून अधिक. बैठं काम करणाऱ्या बाईचं हे दीड दिवसाचं जेवण झालं, ते रोज वरून खायचं. पोट तेवढं घेतच नाही. आणि कुणी रेटून खाल्लंच तर जे चढेल ते चरबी आणि पाणी, कारण स्नायू इतक्या झपाट्याने तयार होत नाहीत. आठवड्याला पाव ते अर्धा किलो हा वेग अंगाला झेपतो, त्याला रोज तीनशे ते पाचशे कॅलरी जास्त पुरतात. माझा वेग तर त्याहूनही मंद होता आणि त्याने माझं काही बिघडलं नाही.

केळी, दूध, तूप यांच्याशी माझं भांडण नाही. पण मोठ्या चमचाभर तुपात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात आणि प्रथिनं शून्य. एका केळ्यात प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम. नुसत्या यांच्यावर वाढलेलं वजन कुठे जाऊन बसणार हे उघड आहे. साध्या माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत, स्नायू कमवायचे असतील तर सव्वा ते दीड ग्रॅम धरावीत. मला सगळ्यात कामी आले ते शेंगदाणे. शंभर ग्रॅममध्ये पंचवीस ग्रॅम प्रथिनं, साडेपाचशेहून जास्त कॅलरी, आणि खिशाला परवडणारे. दर रविवारी अर्धा किलो दाणे मंद आचेवर भाजायचे, सुपात पाखडायचे, गुळाबरोबर कुटून लिंबाएवढे लाडू वळायचे. स्टीलचा गोल डबा ऑफिसच्या खणात असायचा. सकाळी अकराला एक, संध्याकाळी साडेपाचला एक. बाकी वाढ किरकोळच. वरण घट्ट, भाकरीवर तुपाचा एक चमचा जास्त, ताकाऐवजी दही, आठवड्यात चार-पाच दिवस दोन अंडी.

आता ‘पैलवानी खुराक’ आणि ‘व्यायाम बंद’ या दोन गोष्टी एकाच मेसेजात कशा लिहवतात मला कळत नाही. माझं माहेर कोल्हापूरचं, घरापासून तालीम हाकेच्या अंतरावर. पहाटे अंधार असताना जोर-बैठका सुरू व्हायच्या, लाल माती उकरली जायची, आणि या सगळ्या मेहनतीनंतर कुंडीत बदाम घोटून थंडाई व्हायची. खुराक त्या मेहनतीच्या पोटी होता. कुस्ती सुटली पण खुराक सुटला नाही अशी माणसंही मी आमच्याच गल्लीत पाहिलीत. चाळिशीत ढेरी, पन्नाशीत साखर, आणि जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी. आणि वजन म्हणजेच ताकद म्हणणाऱ्यांनी गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना आठवावं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक पदक त्यांनी मिळवून दिलं, तेव्हा ते ५७ किलोंच्या गटात खेळत होते.

बैठका, भिंतीला हात टेकून मारलेले जोर, पाच किलो पिठाची पिशवी छातीशी धरून उठबस, हे मी घरीच सुरू केलं, आठवड्यातून तीनदा, वीस-पंचवीस मिनिटं. खाल्लेलं जळून गेलं नाही. उलट सपाटून भूक लागायला लागली, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा आपणहून दुसरी भाकरी मागावीशी वाटली.

व्यायाम टाळू नका असं मी इतकं कळकळीने का सांगतेय, त्याला आणखी एक कारण आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बीएमआय दोघांना एकच आकडा दाखवत होता. आपल्याकडे हाडापेराने किरकोळ दिसणाऱ्या माणसाच्या पोटाभोवतीही चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो, म्हणून भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ बीएमआय २३ वरच मारतात. तेव्हा वजन वाढवताना काट्याबरोबर टेप हवी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध ती धरायची. बायकांचं माप ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषांचं ९० च्या आत राहायला हवं. वजन दोन किलोंनी वाढलं आणि सगळं पोटावरच गेलं, तर खाणं बदलायचं.

आता येते रात्रीचं जेवण आणि फुगलेलं पोट यांच्याकडे. मेसेजातलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपलं, कारण मी ते तीन महिने पाळलं होतं. रात्री पावणेदहाला जेवण, त्यावर मोठा पेलाभर दूध आणि दोन केळी, आणि लगेच अंथरूण. मध्यरात्री घशाशी आंबट यायचं, छातीत जळजळायचं. उशीवर उशी ठेवून अर्धवट बसून झोपायचे. सकाळी पोट जड, नाश्ता नकोसा, डबा अर्धा परत. दिवसभराचं मिळून मी आधीपेक्षा कमी खात होते, आणि हे लक्षात यायला तीन महिने जावे लागले, कारण ‘त्रास होणारच, सोसायचा’ असं मनावर बिंबलेलं होतं. म्हशीचं दूध मला झेपत नव्हतं, पोटात गॅस धरायचा. आपल्याकडे मोठेपणी दुधातली साखर न पचणारे खूप आहेत. त्याच दुधाचं दही मला सहज चालतं. दूध सोडलं, जेवण आठ वाजता आणलं, झोपेआधी दोन-अडीच तास मोकळे ठेवले आणि एका जेवणात कोंबण्याऐवजी मधली दोन खाणी वाढवली. वजन त्यानंतर हलायला लागलं.

पोट फुगणं, सुस्ती, बद्धकोष्ठ, घोरणं, जिन्यावर लागणारा दम या गोष्टी अंगी लागल्याच्या खुणा नाहीत. अंग सांगत असतं की वेग जास्त झालाय. त्या दिवशी एक घास कमी घ्या, पुढच्या आठवड्यात वाढवा. वजन झपाट्याने वाढलं की मांड्या-दंडांवर लालसर रेघा उठतात, चालताना मांड्या घासून सोलवटतात. शरीराला धोका नाही, पण रोजचं चालणं-बसणं नकोसं होतं, आणि त्यालाही किंमत आहे असं मी मानते.

कपड्यांचंही तसंच. माझे ब्लाउज वर्षानुवर्षं सेफ्टी पिनांवर होते. वजन वाढायला लागल्यावर मी तेच चढवत राहिले, हुक ओढून लावायचे, दंडावर वळ उठायचे, आणि आपण बेढब होतोय असं वाटून एकदा खाणंच कमी केलं. आमचे शिंपीकाका म्हणाले, ‘ताई, अंग भरतंय तर कापडाला भरू द्या की.’ त्यांनी शिवणीत दोन्ही बाजूंना ठेवलेली माया उसवून दिली. अर्ध्या तासाचं काम. वजन वाढवायला घेतलेल्या प्रत्येकाला मी सांगते, दोन जोड ढिले कपडे आधी करून घ्या.

‘तपासण्या नकोत’ हे तर घातक आहे. न खाण्याने बारीक असणं वेगळं आणि खाऊनही वजन उतरणं वेगळं. सहा महिने-वर्षभरात काही न करता वजन पाच टक्क्यांहून जास्त घटलं असेल तर आधी डॉक्टर. थायरॉइड जोरात चालत असेल, टाइप १ मधुमेह असेल, आतड्यांना गहू सोसत नसेल, जंत असतील, मनाला औदासीन्याने घेरलेलं असेल; यातल्या कशावरही केळी हा इलाज नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला आणि संध्याकाळचा ताप असेल तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. क्षयाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट आवर्जून सांगते. झारखंडमध्ये क्षयरुग्णांना औषधांबरोबर दरमहा शिधा देऊन पाहिला, त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी दिसला. वजन वाढणं म्हणजे जीव वाचणं, असंही असतं. म्हणूनच ते का घटलं हे आधी कळायला हवं. आणि फार दिवस उपाशी किंवा अगदी खंगलेल्या माणसाला एकदम भरपेट खाऊ घालणं जिवावर बेतू शकतं. रक्तातले क्षार अचानक कोसळतात. तिथे डॉक्टरांच्या नजरेखालीच खाणं वाढवायचं.

राहिली पावडर. हे माझ्या चुलतभावाचं आहे, त्याला विचारूनच लिहितेय. स्थळं बघणं चालू होतं, दोन ठिकाणी ‘मुलगा फार बारीक’ असं कळवलं गेलं. त्याने फोनवरून डबा मागवला. तीन आठवड्यांत सहा किलो. घरात सगळे खूश. काकू म्हणाली, चेहरा किती भरलाय. तो चेहरा भरला नव्हता, सुजला होता. गाल चंद्रासारखे गोल, हातपाय पूर्वीसारखेच काटकुळे. सारखी भूक, दिवसभर गुंगी, पाठीवर पुरळ. रक्तदाब १५०/९६, उपाशीपोटीची साखर १३८, वय एकोणतीस. डॉक्टरांना डबा बघूनच शंका आली, स्टेरॉइडची. सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः तयार करतं ते स्टेरॉइड, तपासलं तर अगदी तळाला. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर आपलं स्वतःचं तयार करणं थांबवतं, आणि अशात पावडर एकदम बंद केली तर माणूस चक्कर येऊन कोसळू शकतो. म्हणून डॉक्टरांनी स्टेरॉइडच्याच मोजून गोळ्या लिहून दिल्या आणि आठवड्याआठवड्याने कमी करत आणल्या. पुरतं सुटायला पाच महिने लागले.

डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड आणि सायप्रोहेप्टाडीन हे भूक वाढवणारं, गुंगी आणणारं ऍलर्जीचं औषध, अशा पावडरींत आणि गोळ्यांत ही दोन्ही मिसळली जातात. डब्यावर मात्र अश्वगंधा आणि शतावरी. चुलतभावाच्या डब्यावर उत्पादन परवान्याचा क्रमांक नव्हता, बॅच नंबर नव्हता, बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता. आयुर्वेदावर विश्वास असेल तर नोंदणीकृत वैद्यांकडे जा. ते नाडी बघतील, चिठ्ठी लिहून देतील. फोनवर डबा विकणारा वैद्य नव्हे. आणि कुणी आधीच असलं काही घेत असेल तर मनाने एकदम बंद करू नका, डबा घेऊन डॉक्टरांकडे जा.

मराठीत आपण अंग भरलेल्या माणसाला ‘तब्येत छान झाली’ म्हणतो. काकूही तेच म्हणाली होती, आणि मनापासून म्हणाली होती. तिला दोष देत नाही. पण भाच्याला मी ते वाक्य विसरायला सांगितलंय. तो १७० सेंटिमीटर उंच, वजन ५२. त्याचं वय अजून वाढीचं आहे, त्याला मोठ्यांचा बीएमआय लावायचाही नाही, वयाचा तक्ता लावायचा. डॉक्टरांनी तक्ता बघून सांगितलं की तो त्याच्या रेषेवर नीट चाललाय. हिमोग्लोबिन मात्र ११.२ निघालं, त्याचं औषध सुरू केलंय.

रविवारी तो आला होता. दाणे भाजताना कढईजवळ उभा राहून अर्धे त्यानेच संपवले. जाताना डबा नेला, आणि पिठाची पिशवी नक्की कशी धरायची ते दोनदा करून दाखवायला लावलं.